लंडन पहिल्यांदाच: सहा दिवस, २७ ठिकाणं आणि आईचे गुडघे

सदा_घाईत

नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या शेवटी सहा दिवस लंडनला जातोय. मी, बायको, बारा वर्षांची लेक आणि आई (वय ६८, दोन्ही गुडघे कुरकुरतात). चौघांचाही हा पहिलाच परदेश प्रवास. व्हिसा हातात आहे, तिकिटं झालीत, हॉटेल पॅडिंग्टनजवळ घेतलंय.

एक्सेलमध्ये तक्ता केलाय, एकूण २७ ठिकाणं. नमुन्यादाखल पहिला दिवस, मंगळवार: ९.०० बिग बेन, ९.२० वेस्टमिन्स्टर ॲबी, ११.०० बकिंगहॅम पॅलेसचे गार्ड बदलतात ते, १२.३० लंडन ब्रिज (तोच, मधून उघडणारा), २.०० ब्रिटिश म्युझियम, ४.०० मेणाचे पुतळे, ६.०० लंडन आय.

हीथ्रोवरून हॉटेलला कसं जावं? रेल्वे-बसचा पास काढावा का? मध्येच दोन दिवस पॅरिसला जाऊन येता येईल का? आणि यादीत काही राहिलंय का? अनुभवी लोकांनी सांगा.

तिरकस_तात्या

९.०० बिग बेन, ९.२० ॲबी. म्हणजे मधल्या वीस मिनिटांत चहा पिऊन होईल.

लंडन ब्रिज उघडत नाही हो. उघडतो तो टॉवर ब्रिज. लंडन ब्रिज म्हणजे साधा काँक्रीटचा पूल, त्याच्यावर उभं राहून लोक 'लंडन ब्रिज कुठंय' विचारतात. त्याच्या आधीचा, १८३१ चा दगडी पूल १९६८ मध्ये एका अमेरिकन माणसाने विकत घेतला आणि दगड मोजून मोजून ॲरिझोनात नेऊन उभा केला. तो बघायचा असेल तर १२.३० ला पोचणं जरा अवघड आहे.

मृण्मयी_क

मी इथे नऊ वर्षं राहते, म्हणून जरा लांबण लावते.

हॉटेल पॅडिंग्टनला असेल तर हीथ्रोवरून सरळ एलिझाबेथ लाइन पकडा. अर्ध्या तासात पॅडिंग्टन. या लाइनच्या सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट किंवा उतार आहे, त्यामुळे आईंना सामान घेऊन एकही जिना चढावा लागणार नाही. हीथ्रो एक्स्प्रेस पंधरा मिनिटांत पोचवते, पण ती पंधरा मिनिटं वाचवायला पैसे बरेच जास्त पडतात. पिकॅडिली लाइन सगळ्यांत स्वस्त, पण ती पॅडिंग्टनला जातच नाही. गाडी बदला, बॅगा ओढा, नको ते.

पास काढू नका. बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड स्टेशनच्या दारावर टेकवायचं, उतरताना पुन्हा टेकवायचं. एका दिवसात ठरावीक रकमेवर गेलात की पुढचा प्रवास फुकट, तो हिशोब आपोआप होतो. मात्र माणशी एक कार्ड हवं आणि दिवसभर तेच हवं. सकाळी प्लास्टिकचं कार्ड आणि दुपारी फोनमधलं तेच कार्ड असं केलंत तर यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी माणसं. आणि परदेशी व्यवहारावर तुमची बँक किती कापते ते निघायच्या आधी विचारा.

लेकीचं वेगळं. ती ११ ते १५ मध्ये बसते. बँकेच्या कार्डावर तिचं पूर्ण भाडं कापलं जाईल. तिला ऑयस्टर कार्ड (आधी पैसे भरून वापरायचं तिथलं प्रवासाचं कार्ड) घ्या आणि स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला सांगून त्यावर 'यंग व्हिजिटर' सवलत लावून घ्या. १४ दिवस अर्धं भाडं.

पॅरिस विसरा. ब्रिटनच्या व्हिसावर फ्रान्सला जाता येत नाही, त्याला शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) वेगळा लागतो.

आणि गार्ड बदलतात ते साधारणपणे सोमवार, बुधवार, शुक्रवार, रविवार. तुमचा मंगळवार आहे.

तिरकस_तात्या

म्हणजे पहिल्या दिवसातले दोन गडी बाद. उरले २५.

भटक्या_७२

सगळे मिळून त्या माणसाला घाबरवू नका. आम्ही २०१७ साली पाच दिवसांत ३१ ठिकाणं केली. सकाळी सातला बाहेर, रात्री दहाला परत. 'सावकाश बघा, शहर अनुभवा' हे तिथे राहणाऱ्यांना किंवा दरवर्षी जाणाऱ्यांना परवडतं. आमच्यासारख्यांची आयुष्यात एकच फेरी होते. घाईत, तुमची यादी उत्तम आहे. फक्त मेणाचे पुतळे काढा, त्या तिकिटाच्या पैशांत अख्खं घर दिवसभर जेवेल.

मृण्मयी_क

भटक्याजी, तुमच्या पाच दिवसांत ६८ वर्षांचे गुडघे होते का?

भटक्या_७२

नव्हते. तो मुद्दा मान्य.

कोकमसरबत

गुडघ्यांवरून आठवलं. मी एकदा कॉव्हेंट गार्डन स्टेशनवर लिफ्टची रांग बघून 'हॅ, जिन्याने जाऊ' म्हणाले. गोल गोल जिना, १९३ पायऱ्या. खाली तसा फलक लावलेला आहे, तो मी नवऱ्याला वाचून दाखवला नाही. अर्ध्यात पोचल्यावर तो बोलायचा थांबला, तो थेट दुसऱ्या दिवशी सकाळी बोलला.

गंमत म्हणजे आम्ही आलो होतो लेस्टर स्क्वेअरवरून. ही दोन स्टेशनं एकमेकांपासून जेमतेम २६० मीटरवर आहेत. रस्त्याने चालत चार मिनिटं. मेट्रोचा नकाशा अंतर दाखवत नाही, फक्त क्रम दाखवतो, हे तेव्हा कळलं.

आजोबा_ऑनलाइन

सूनबाईंकडे तीन वेळा राहून आलो आहे. वय ७४. माझा सल्ला एकच: बस. मेट्रोची जुनी स्टेशनं म्हणजे भुयारं, पायऱ्या, वळणं, मग पुन्हा पायऱ्या. बस दारात येते, खाली वाकते, म्हाताऱ्यांना लोक उठून जागा देतात. रोख पैसे २०१४ पासून घेत नाहीत, कार्ड टेकवायचं. उतरताना टेकवायचं नाही. मी गेलो तेव्हा भाडं १ पौंड ७५ पेन्स होतं, आणि पहिल्यांदा टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदला, भाडं एकदाच.

२४ नंबरची बस घ्या. पिम्लिकोपासून निघते, पार्लमेंट, ट्राफल्गर स्क्वेअर, कॅम्डेन टाउन करत हॅम्पस्टेड हीथला पोचते. वरच्या मजल्यावर पहिली बाकं पटकवायची. आईंना वर चढवत नसेल तर खालूनही छान दिसतं. यादीतली चार-पाच ठिकाणं तिकिटाशिवाय होतात.

नुसता_वाचक

बसचं बरोबर, पण रस्त्यात खोळंबा असला की पाऊण तास तिथल्या तिथे. मी एकदा ऑक्सफर्ड स्ट्रीटवर बसमधून एकच दुकान इतका वेळ बघितलं की शेवटी उतरून त्यात गेलो आणि कोट घेतला.

आजोबा_ऑनलाइन

कोट कसा निघाला?

नुसता_वाचक

अजून घालतो.

सदा_घाईत

बाप रे, एवढी उत्तरं! मृण्मयीताई, आजोबा, फार आभार. पॅरिस रद्द, पुतळे रद्द, गार्ड बुधवारी हलवले. एक शंका: मामांनी त्यांच्या जुन्या ट्रिपमधले उरलेले २०० पौंड दिलेत, सगळ्या ५० च्या नोटा. चालतील ना?

मृण्मयी_क

कागदी की प्लास्टिकच्या?

सदा_घाईत

कागदी.

मृण्मयी_क

मग दुकानात कुणी घेणार नाही. कागदी २० आणि ५० च्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर चलनातून गेल्या. फुकट मात्र गेल्या नाहीत, थ्रेडनीडल स्ट्रीटवर बँक ऑफ इंग्लंड बदलून देते. पासपोर्ट न्या, रांगेची तयारी ठेवा. तिथेच बँकेचं संग्रहालय आहे, प्रवेश मोफत, आणि एका पेटीत हात घालून खरी सोन्याची वीट उचलून बघता येते. तेरा किलोच्या आसपास. लेकीला आवडेल.

तिरकस_तात्या

मामांना फोटो पाठवा. 'तुमच्या नोटांचं सोनं केलं.'

सरळ_रेषा

काही बारीकसारीक. फोन हातात घेऊन फुटपाथच्या कडेला उभे राहू नका. इलेक्ट्रिक सायकलवरून येतात, हातातून फोन उपटतात आणि तुम्ही 'अहो' म्हणेपर्यंत चौकापार. माझ्या डोळ्यांसमोर एका बाईंचा गेला. नकाशा बघायचा असेल तर भिंतीकडे सरका.

पत्ता शोधताना पोस्टकोड टाका, नुसतं रस्त्याचं नाव नको. चर्च रोड लंडनमध्ये किती आहेत ते विचारू नका. मी चुकीच्या चर्च रोडवर उभा राहून मित्राला 'दार उघड' म्हणत होतो, तो बरोबरच्या चर्च रोडवर दार उघडून उभा होता, मध्ये दीड तासाचं अंतर.

प्लग तीन चौकोनी पायांचा. आपला बसत नाही. अडॅप्टर न्या.

सामानात पेढे, श्रीखंड, तूप असलं काही घेऊ नका. युरोपबाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

कोकमसरबत

आणि सार्वजनिक स्वच्छतागृहात लाल दोरी लोंबत असते ती ओढू नका!! ती दिव्याचीही नाही आणि पाण्याचीही नाही. ती मदतीची घंटा आहे. माझ्या सासूबाईंनी एका संग्रहालयात ओढली. दोन कर्मचारी आणि एक व्हीलचेअर धावत आली. सासूबाई म्हणाल्या, 'आलाच आहात तर बसते.' आणि उरलेलं संग्रहालय त्यांनी खुर्चीतून बघितलं.

मृण्मयी_क

हसू नका, त्यात एक कामाची गोष्ट आहे. बऱ्याच मोठ्या संग्रहालयांत व्हीलचेअर वापरायला मोफत मिळते. आधी संकेतस्थळावर बघून घ्या. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, नॅचरल हिस्टरी, सगळीकडे प्रवेशही मोफत आहे. ब्रिटिश म्युझियम शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं, संध्याकाळी गर्दी कमी.

गल्लीबोळ

एक ठिकाण कुणीच सांगितलं नाही. १०, किंग हेन्रीज रोड. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये शिक्षणासाठी या घरात राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं, आता तिथे संग्रहालय आहे. जवळचं स्टेशन चॉक फार्म. साधी वस्ती, साधं घर. मी एकटाच होतो, अभिप्रायाच्या वहीत मराठीत लिहिलं, आधीच्या पानावरही मराठीच होतं. तिथून प्रिमरोझ हिल जवळ आहे, टेकडीवरून सगळं लंडन दिसतं, तिकीट नाही. उघडायच्या वेळा आधी तपासा.

भटक्या_७२

वा. हे आमच्या ३१ मध्ये नव्हतं. चुकलंच.

नुसता_वाचक

अवांतर: एम्बँकमेंट स्टेशनवर नॉर्दर्न लाइनच्या उत्तरेकडे जाणाऱ्या फलाटावर 'माइंड द गॅप' नीट ऐका. बाकीकडचा आवाज वेगळा, तिथला वेगळा. तो ऑसवाल्ड लॉरेन्स नावाच्या नटाचा जुना आवाज आहे. ते २००७ मध्ये गेले. त्यांची पत्नी तो आवाज ऐकायला त्या फलाटावर जाऊन बसायची. २०१२ मध्ये नवी यंत्रणा आली आणि आवाज बंद झाला. तिने विनंती केली, आणि २०१३ मध्ये फक्त त्या एका स्टेशनवर तो परत आणला. मी तीन गाड्या सोडल्या.

तिरकस_तात्या

माझ्याकडे यावर विनोद नाही.

आजोबा_ऑनलाइन

सदा घाईत साहेब, एक विचारू का? तुम्ही आईंचं वय लिहिलंत, गुडघे लिहिलेत. त्यांना काय बघायचंय ते लिहिलं नाहीत. विचारलंत का?

सदा_घाईत

आजोबा, खरं सांगतो, नव्हतं विचारलं. तिला सगळंच आवडतं असं आम्ही धरून चालतो. आत्ता जेवताना विचारलं. ती म्हणाली, 'तुमच्या यादीत ग्रीनिच आहे ना?'

नव्हतं.

आई तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवायची. दरवर्षी फळ्यावर पृथ्वी काढून मधून उभी रेघ मारायची, शून्य अंश. म्हणाली, 'ती रेघ जमिनीवर खरंच आखलीय म्हणे, पाय ठेवून बघायचाय. पण लांब असेल तर राहू दे.' २७ ठिकाणांत मला ग्रीनिच सुचलं नाही याची लाज वाटतेय. गुडघ्यांना झेपेल का? टेकडी आहे असं वाचलं.

मृण्मयी_क

झेपेल! सगळे नदीच्या बाजूने जातात आणि मग बागेतली चढण चढतात. तुम्ही ५३ नंबरच्या बसने ब्लॅकहीथच्या बाजूला उतरा. तिकडच्या फाटकातून वेधशाळेपर्यंत झाडांमधून सरळ सपाट रस्ता आहे. बसला तासभर धरा. येताना नदीतून बोटीने या. बोटीला तेच कार्ड चालतं, पण ते भाडं दिवसाच्या कमाल रकमेत धरत नाहीत.

रेघ वेधशाळेच्या अंगणात आहे, तिथे तिकीट लागतं.

भूमिती_भिकू

आता माझ्या विषयावर आलात! आईंसाठी खास गृहपाठ.

एक: दुपारी एकच्या आत तिथे पोचा. वेधशाळेच्या छपरावर दांडीला मोठा लाल चेंडू आहे. १२.५५ ला अर्ध्यावर चढतो, १२.५८ ला टोकाला जातो, आणि बरोबर एकला खाली पडतो. १८३३ पासूनची पद्धत. थेम्समधल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून. वारा फार असेल तर सोडत नाहीत.

दोन: रेघेवर उभं राहून फोनमध्ये रेखांश बघा. शून्य येणार नाही. उपग्रहांचं शून्य त्या पट्टीच्या पूर्वेला १०२ मीटरवर पडतं.

भटक्या_७२

काहीतरीच. जगाने १८८४ साली वॉशिंग्टनला बसून ठरवलेली रेघ चुकीची?

भूमिती_भिकू

चुकीची नाही. वेधशाळेचे तेव्हाचे प्रमुख एअरी यांनी १८५१ मध्ये दुर्बीण वापरात आणली, रेघ तिच्यातूनच जाते. तेव्हा 'सरळ वर' म्हणजे काय हे तिथल्या गुरुत्वाकर्षणावरून ठरवलं. ओळंबा जसा लोंबतो तसं. पण जमिनीखालची घनता सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे ओळंबा किंचित कलतो. उपग्रह पृथ्वीच्या मध्यापासून मोजतात, त्यांना ओळंब्याशी देणंघेणं नाही. त्या किंचितचे जमिनीवर १०२ मीटर होतात.

तिरकस_तात्या

थोडक्यात, आईंनी तीस वर्षं फळ्यावर रेघ शंभर मीटर डावीकडे मारली.

भूमिती_भिकू

फळ्याच्या पृथ्वीवर शंभर मीटर म्हणजे खडूच्या भुकटीचा कणसुद्धा नाही. आईंचं बरोबर.

सदा_घाईत

आईला वाचून दाखवलं. तिचं उत्तर जसंच्या तसं: 'त्या भिकूंना सांग, मे महिन्यात खुद्द ग्रीनिचमध्ये ग्रीनिचची वेळ नसते. घड्याळं तासभर पुढे केलेली असतात. तो चेंडू एकला पडेल तेव्हा खरे बारा वाजलेले असतील. आपल्यात फरक साडेपाच नाही, साडेचार तासांचा.'

भूमिती_भिकू

बाई, नमस्कार. बाकावर उभा राहतो.

सरळ_रेषा

धागा भलत्या रेखांशावर गेलाय, दोन राहिलेल्या गोष्टी टाकतो. बिलात बऱ्याच ठिकाणी साडेबारा टक्के सेवाशुल्क आधीच लावलेलं असतं, वर पुन्हा टीप ठेवू नका. सेवा आवडली नसेल तर ते काढायला सांगता येतं. मी सांगितलं होतं, त्या वेटरने माझ्याकडे असं पाहिलं की पुढच्या वेळी गुपचूप भरलं. आणि खरेदीवरचा कर विमानतळावर परत मिळतो असं जुने लोक सांगतात. पर्यटकांसाठीची ती सोय जानेवारी २०२१ पासून बंद आहे.

मृण्मयी_क

तुम्हाला लागू नाही, पण पुढे हा धागा वाचणाऱ्यांसाठी: २५ डिसेंबरला लंडनमध्ये मेट्रो नाही, बस नाही, काही नाही. अख्खं शहर घरी बसतं. त्या दिवशी पोचू नका.

सदा_घाईत

(जून)

परत आलो. सांगायचं कबूल केलं होतं.

२७ पैकी १४ झाली. एलिझाबेथ लाइनचा सल्ला लाखमोलाचा. डी.एल.आर. म्हणजे तिथल्या हलक्या रेल्वेच्या एका स्टेशनला दारंच नव्हती, मी कार्ड टेकवायला विसरलो आणि कमाल भाडं भरलं. चूक माझीच. सोन्याची वीट लेकीने तीनदा उचलली, मामांच्या नोटा बदलून मिळाल्या. टॉवर ब्रिज उघडताना दिसला नाही, वेळापत्रक बघायला विसरलो. कोहिनूर दिसला, त्याच्या पुढे सरकता पट्टा आहे, तो तुम्हाला पुढे नेतो. आई उलटी फिरून पुन्हा पट्ट्यावर चढली. दोनदा.

ग्रीनिचला गुरुवारी गेलो. ब्लॅकहीथकडून. चेंडू एकला पडला, आईने घड्याळ बघून मान हलवली, वहीतलं उत्तर बरोबर आल्यासारखी. रेघेवर फोटोसाठी रांग होती, रांगेत ती मागच्या दोन पोरांना अक्षांश आणि रेखांशातला फरक सांगत होती, हातवारे करून, मराठी-इंग्रजी मिसळून. पोरं ऐकत होती. मग म्हणाली, 'आता ते दुसरं शून्य.' फोन धरून आम्ही बागेत पूर्वेकडे चालत गेलो. आकडे कमी कमी होत गेले. एका ठिकाणी सगळी शून्यं आली. तिथे काहीच नाही. गवत आणि एक कुत्रा घेऊन चाललेला माणूस. आई तिथे खाली बसली. मी विचारलं गुडघे दुखतायत का, तर म्हणाली, 'नाही रे, इथे रांग नाही.'

मेणाचे पुतळे राहिले म्हणून लेक अजून नाराज आहे.

आजोबा_ऑनलाइन

फोटो टाका की.

भूमिती_भिकू

बाईंना विचारा, आंतरराष्ट्रीय वाररेषेला कधी निघायचं?

भटक्या_७२

१४ म्हणजे कमीच झाली. पण ठीक आहे.

नवा_पाहुणा

नमस्कार, धागा छान आहे, वरवर चाळला. आम्ही डिसेंबरमध्ये जातोय, २५ तारखेला दुपारी हीथ्रोला उतरतो. हॉटेलला मेट्रोने जावं की बसने?

तिरकस_तात्या

चालत.